अपवादांची वंशावळ

इंग्लंडात छापखाना आणणाऱ्या विल्यम कॅक्स्टनने १४९० साली आपल्या एका भाषांतराला प्रस्तावना लिहिली. तिच्यात त्याने अंड्यांची एक गोष्ट सांगितली आहे. काही व्यापारी टेम्स नदीतून गलबताने समुद्रापलीकडे निघाले होते. वारा पडला, म्हणून ते किनाऱ्याला लागले. त्यांच्यातला शेफील्ड नावाचा कापडाचा व्यापारी एका घरी गेला आणि त्याने घरधनिणीकडे खायला काही मागितले. अंडी असली तर फारच बरे. अंड्यांना तो ‘एग्ज’ म्हणाला. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. शेवटी दुसऱ्या कोणीतरी ‘आयरेन’ हवीत असे सांगितले, तेव्हा बाईला उमगले. गोष्ट संपवून कॅक्स्टन विचारतो, अशा काळात लिहिणाऱ्याने काय लिहावे, एग्ज की आयरेन?

ही गोष्ट बोलीभेदाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. मला मात्र ती अनेकवचनाची गोष्ट वाटते. ‘एग’ हा स्कॅन्डिनेव्हियातून आलेल्या लोकांचा शब्द, त्याला ‘स’ जोडला. ‘आयरेन’ हा इंग्लंडचा घरचा शब्द, आणि त्याला अनेकवचनाचे दोन प्रत्यय आहेत. आधी ‘र’ लागला. तो प्रत्यय आहे हे लोक विसरले, म्हणून वर ‘एन’ चढला. आपल्याकडे एखादे लहान मूल ‘अंडी’ हेच एकवचन समजून ‘अंड्या’ म्हणते, तसाच हा प्रकार. पुढे ‘आयरेन’ मेला. त्याचा सख्खा भाऊ मात्र जिवंत आहे: ‘चिल्ड्रन’. त्यातही तोच ‘र’ आहे आणि त्यावर तोच ‘एन’. जी दुहेरी खूण त्या बाईच्या तोंडी अंड्यांना होती, ती आजचा प्रत्येक इंग्रज आपल्या मुलांना लावतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

इंग्रजीत एकाचे अनेक कसे होतात, हा या पुस्तकाचा विषय. बाहेरून पाहिले तर हे क्षेत्र एका पानात मावणारे वाटते. शाळेच्या व्याकरणात ते एकाच पानात मावलेले असतेच. शब्दाला एस लावा, अमुक अक्षरांनंतर ईएस लावा, वाय काढून आयईएस करा, एफच्या जागी व्ही आणा. मग एक चौकट, तिच्यावर ‘अपवाद’ असा मथळा, आणि आत मॅन–मेन, फूट–फीट, ऑक्स–ऑक्सन, चाइल्ड–चिल्ड्रन, शीप–शीप. महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून शिकवू लागले ते २००० साली. माझ्या पिढीला ती पाचवीत भेटली. ती चौकट आम्ही पाढ्यांच्या चालीवर पाठ केली. चौकटीत हेच शब्द का, हे कोणी विचारले नाही, आणि विचारावे अशी अपेक्षाही नव्हती. अपवाद म्हणजे नियम मोडणारा, एवढे आम्हांला पुरले.

या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते. त्या चौकटीतल्या एकाही शब्दाने नियम मोडलेला नाही. प्रत्येक जण आपापला जुना नियम पाळत राहिला आणि भोवतालची वस्ती उठून गेली. ती का उठली आणि हे का राहिले, याचा शोध म्हणजेच या क्षेत्राचा अभ्यास.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत शिरताना मराठी वाचकाला घरी आल्यासारखे वाटेल. तिच्यात तीन लिंगे होती, विभक्तीचे प्रत्यय होते, आणि अनेकवचन शब्दाच्या गणावर ठरत होते. दगडाला ‘स्तान’ म्हणत, अनेकवचन ‘स्तानस’. जहाज ‘शिप’, जहाजे ‘शिपु’. घर ‘हूस’ आणि घरेही ‘हूस’च. नाव ‘नमा’, नावे ‘नमन’. पाऊल ‘फोत’, पावले ‘फेत’. मूल ‘चिल्द’, मुले ‘चिल्द्रु’. यांतला कोणता नियम आणि कोणता अपवाद, हा प्रश्न तेव्हाच्या माणसाला पडलाच नसता. सगळेच नियम होते.

आपली भाषा आजही अशीच आहे. घोडा–घोडे, पण दगड–दगड. घर–घरे, पण केळे–केळी. नदी–नद्या, पण शाळा–शाळा. भिंतीच्या भिंती होतात, चिंचेच्या चिंचा होतात. ‘भिंता’ आणि ‘चिंची’ का होत नाहीत, हे सांगायला भाषेच्या शिक्षकालाही थोडे थांबावे लागेल. चूक मात्र आपल्यापैकी कोणी करत नाही. आजच्या इंग्रज विद्यार्थ्याला आपल्या पूर्वजांची भाषा परक्या भाषेसारखी शिकावी लागते. लिंग म्हणजे काय, गण म्हणजे काय, इथपासून त्याची तयारी करून घ्यावी लागते. मराठी वाचक ही तयारी करूनच आलेला असतो. या क्षेत्रात आपण मागच्या बाकावर बसण्याचे काही कारण नाही.

आता चौकटीतल्या शब्दांकडे वळू. फूटचे फीट कसे झाले? इथे आपल्या ‘वीट’ या शब्दाची मदत घेऊ. विटेचे अनेकवचन करताना शेवटी ‘आ’ लागतो आणि त्याच्या धक्क्याने आतली दीर्घ ‘वी’ ऱ्हस्व होते: वीट–विटा. समजा, पुढच्या पाचशे वर्षांत हा शेवटचा ‘आ’ झिजून गेला. मग उरेल वीट–विट. शेवटी काहीच लागलेले नाही, फक्त आतला स्वर बदललेला. तेव्हाचे व्याकरणकार या जोडीला अपवादांच्या चौकटीत घालतील आणि मुले ती पाठ करतील. इंग्रजीत नेमके हेच घडले. लेखी इंग्रजीच्याही आधीच्या काळात ‘फोत’ शब्दाच्या अनेकवचनी प्रत्ययात ‘इ’ होता. पुढे ‘इ’ उच्चारायचा आहे म्हणून जीभ आधीच पुढे सरकू लागली आणि ‘ओ’चा हळूहळू ‘ए’ झाला. मग ‘इ’ गळून पडला. ज्याच्यासाठी जीभ सरकली तो पाहुणा गेला, पण त्याच्यासाठी हलवलेले सामान तिथेच राहिले. टूथ–टीथ, गूस–गीस, माऊस–माइस, लाऊस–लाइस, मॅन–मेन हे सगळे याच कुळातले.

हे कूळ एकेकाळी बरेच मोठे होते. पुस्तकाला ‘बोक’ म्हणत आणि पुस्तकांना ‘बेच’. ती जोडी टिकली असती तर आज एका ‘बुक’ची अनेक ‘बीच’ झाली असती. ओक वृक्ष, बोकड-शेळीचा ‘गोट’, कवचाचे फळ ‘नट’, हे सगळे आतला स्वर बदलून अनेक होत. गाईच्या ‘काऊ’चेही तसेच होते. तिचे जुने अनेकवचन अंड्यांच्या वाटेने गेले, त्यावर आणखी ‘न’ चढून ‘काइन’ झाले, आणि ते आता जुन्या कवितेत आणि बायबलच्या जुन्या भाषांतरातच भेटते.

‘ऑक्सन’ची कुळकथा संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला विशेष आवडेल. बैलासाठी संस्कृतात ‘उक्षन्’ असा शब्द आहे, त्याचे अनेकवचन ‘उक्षाणः’. इंग्रजी ‘ऑक्स’ आणि संस्कृत ‘उक्षन्’ एकाच मुळाचे. त्यातला ‘न्’ अनेकवचनाचा नव्हताच. तो प्रातिपदिकाचा, म्हणजे शब्दाच्या अंगाचाच भाग होता. एकवचनात तो गळाला, अनेकवचनात राहिला, आणि लोकांना वाटले की हा ‘न’ म्हणजेच अनेकवचनाची खूण. एकदा असे वाटल्यावर तो नव्या शब्दांनाही लागू लागला. दक्षिण इंग्लंडात बाराव्या-तेराव्या शतकांत तर हा ‘न’ ऐन भरात होता. डोळे, जोडे, घरे, सगळ्यांना तो लागे. शेजारच्या डच भाषेत तो आजही अनेकवचनाचा मुख्य प्रत्यय आहे आणि जर्मनमध्येही त्याचे राज्य मोठे आहे. इतिहासाने थोडी वेगळी वाट घेतली असती तर आज आपण शाळेत ‘न’ लावायला शिकलो असतो, आणि ‘स’ लावणारे चार शब्द चौकटीत दिसले असते.

मग ‘स’ कसा जिंकला? माझ्या दृष्टीने या क्षेत्रातला सगळ्यांत मोठा प्रश्न हाच. पहिले कारण कानाचे. अकराव्या-बाराव्या शतकांत शब्दांच्या शेवटचे आघात नसलेले स्वर पुसट होत गेले. ‘अ’, ‘उ’, ‘ए’ यांतला फरक मिटला आणि सगळे एका मुक्या स्वरात बुडाले. ‘शिपु’मधला ‘उ’ ऐकू येईना. शेवटचा ‘न’ही सैल होऊन गळू लागला. प्रत्ययांच्या या पडझडीत कानाला स्पष्ट कळणारा एकच उरला: ‘स’. दुसरे कारण संख्येचे. ‘स्तानस’सारखी रूपे करणारा पुल्लिंगी शब्दांचा गण मुळातच मोठा होता. तिसरे कारण शेजाराचे. उत्तर आणि पूर्व इंग्लंडात स्कॅन्डिनेव्हियातून आलेले लोक वसले होते. त्यांची भाषा इंग्रजीची बहीणच. मूळ शब्द ओळखीचे, प्रत्यय मात्र वेगळे. अशा मिश्र वस्तीत प्रत्ययांचा घोळ लवकर आवरता घेतला जातो. ‘स’चा प्रसारही उत्तरेतूनच सुरू झाला आणि दक्षिणेत तो सावकाश उतरला.

इथे एक मोह टाळायला हवा. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि फ्रेंच दरबारी भाषा झाली. त्या फ्रेंचमध्येही अनेकवचनाला ‘स’ लागत होता. तेव्हा इंग्रजीचा ‘स’ फ्रेंचांनीच दिला, असे म्हणणे सोपे जाते. पण ज्या उत्तरेत फ्रेंचचा वावर कमी होता तिथेच ‘स’ आधी पसरला. फ्रेंचने या विजयाला हातभार लावला असेल. सुरुवात तिची नाही. दूरच्या नात्याची आणखी एक चर्चा वाचकाला भेटेल. वेदांत ‘देवाः’च्या जोडीला ‘देवासः’ असे रूप येते आणि पाणिनीने त्याची नोंद घेतली आहे. ‘स्तानस’मधला ‘अस’ आणि ‘देवासः’मधला ‘आसः’ यांचे मूळ एक असावे, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. इतरांनी त्यावर आक्षेप घेतले आहेत. हा वाद मिटलेला नाही, पण ज्याला दोन्ही टोके वाचता येतात त्याने त्यात जरूर डोकवावे.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस, चॉसरच्या काळात, ‘स’ जवळजवळ सर्वत्र पोचला होता; डोळ्यांचे अनेकवचन मात्र चॉसर ‘न’नेच करतो. दोनशे वर्षांनी शेक्सपियरही यमकासाठी अधूनमधून ते जुने रूप वापरतो. मग तेही गेले. आज निव्वळ ‘न’ घेऊन उभा असलेला रोजच्या वापरातला शब्द एकच, तो म्हणजे बैल.

कोण टिकले, त्यांची यादी पुन्हा वाचा. पाय, दात, माणूस, बाई, मूल, बैल, मेंढी, हंसासारखे पाळीव पाखरू, उंदीर, ऊ. ही घर-गोठ्याची यादी आहे. मूल जे शब्द पहिल्या दोन-तीन वर्षांत शंभरदा ऐकते, ते नियम कळण्याआधीच तोंडी बसतात. मग नियम आला तरी ते जागचे हलत नाहीत. मराठीतही तसेच दिसते. सासू–सासवा, जाऊ–जावा या जोड्या घरातल्याच आहेत. आणि इंग्रजीच्या ‘लाऊस–लाइस’ जोडीला आपली ‘ऊ–उवा’ अशी शोभते की दोन्ही भाषांनी हा प्राणी एकाच वेळी डोक्यावर आणि व्याकरणात सांभाळला असे म्हणावे. तरी हा खुलासा सर्वस्वी पुरा पडत नाही. ‘बुक’ही रोजचाच शब्द, पण तो ‘स’कडे गेला. ‘हूस’ आणि ‘शीप’ एकाच गणातले. घराने ‘स’ घेतला, मेंढीने घेतला नाही. या क्षेत्रात नियम सापडतात, पण भविष्य सांगता येत नाही.

एवढा वेळ आपण ‘स’ म्हणत आहोत, पण कानाने पाहिले तर तो एक नाही. ‘कॅट’नंतर तो ‘स’ असतो, ‘डॉग’नंतर घोष होऊन ‘ज’च्या जवळ जातो, आणि ‘बस’सारख्या ऊष्म वर्णानंतर मध्ये एक स्वर घेऊन येतो. इंग्रजी लिपी यांतले पहिले दोन वेगळे दाखवत नाही. मराठीने मात्र ते बिनचूक टिपले आहेत. आपण ‘चिप्स’ आणि ‘सॉक्स’ लिहितो ते ‘स’ने, ‘शूज’ आणि ‘लेडीज’ लिहितो ते ‘ज’ने. हे शब्द आपल्याकडे कानावाटे आले. ‘बसेस’ आणि ‘मॅचेस’ यांच्या शेवटी इंग्रज ‘ज’सारखे बोलतो, आपण ‘स’ लिहितो. हे डोळ्यांवाटे, इंग्रजी स्पेलिंगमधून आले असावेत. कोणता शब्द कोणत्या दाराने घरात आला, हे त्याचा शेवट सांगतो. ‘एक चिप्स दे’ किंवा ‘एक लेडीज आली होती’ असे आपण सहज म्हणतो. परक्या अनेकवचनाचे एकवचन करणे आपल्यालाही येतेच.

नाइफचे नाइव्ह्ज का होते, तेही याच दालनात समजते. जुन्या इंग्रजीत दोन स्वरांच्या मधला ‘फ’ घोष होई. अनेकवचनात प्रत्ययाचा स्वर पुढे आला की ‘फ’ दोन स्वरांमध्ये सापडे आणि ‘व्ह’ बने. स्वर गेला, ‘व्ह’ राहिला. पुन्हा त्या गेलेल्या पाहुण्याचीच कथा. रूफ, चीफ हे शब्द या पंगतीत बसले नाहीत. ‘ड्वॉर्फ’ला टॉल्किनने आपल्या कादंबऱ्यांत ‘ड्वॉर्व्ह्ज’ असे अनेकवचन दिले, तेव्हा छापखान्यातल्या मुद्रितशोधकांनी ते चूक समजून बदलले, आणि स्वतः भाषाशास्त्राचा प्राध्यापक असलेल्या लेखकाला ते परत मिळवावे लागले.

नियम खरोखर माणसाच्या डोक्यात असतो की आपण फक्त ऐकलेली रूपे आठवतो? १९५८ साली जीन बर्को या संशोधिकेने चार ते सात वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले. हा एक ‘वग’ आहे, असे सांगितले. मग दोन प्राण्यांचे चित्र दाखवून विचारले: आता हे दोन काय आहेत? हा शब्द मुलांनी जन्मात ऐकलेला नव्हता, तरी बहुतेकांनी त्याला घोष प्रत्यय बरोबर लावला. पण ‘टास’सारख्या बनावट शब्दाला, ज्याला मध्ये स्वर घ्यावा लागतो, अनेक मुलांनी काहीच लावले नाही, ‘ग्लासेस’ हे रूप मात्र त्याच मुलांना येत होते. म्हणजे नियम होता, पण अजून पुरता वाढलेला नव्हता. १९८५ साली पीटर गॉर्डन यांनी आणखी एक गंमत दाखवली. उंदीर खाणाऱ्याला लहान मुले ‘माइस-ईटर’ म्हणायला तयार असतात, पण घुशीसारखे मोठे उंदीर खाणाऱ्याला ‘रॅट्स-ईटर’ म्हणत नाहीत, ‘रॅट-ईटर’च म्हणतात. नियमाने बनलेले रूप आणि स्मरणातले रूप मनात वेगवेगळ्या कप्प्यांत असावेत, असे यावरून काहींनी मानले. स्टीव्हन पिंकर यांच्या १९९९च्या ‘वर्ड्स अँड रूल्स’मध्ये हा विचार विस्ताराने आला आहे. टोरांटोच्या हॉकी संघाला ‘मेपल लीफ्स’ का म्हणतात, ‘लीव्ह्ज’ का नाही, याचेही उत्तर याच दिशेला आहे: तिथे पानांचे नव्हे, नावाचे अनेकवचन होत आहे.

परक्या शब्दांचे दालन मी या पुस्तकात मुद्दाम लहान ठेवले आहे, कारण तिथे पांडित्याचा बाजार जास्त. ‘ऑक्टोपस’ हा शब्द ग्रीक. त्याचे ‘ऑक्टोपाय’ करणारा लॅटिनचा नियम ग्रीक शब्दाला लावतो. ‘सिलॅबस’ तर पंधराव्या शतकात सिसेरोची पत्रे छापताना झालेल्या वाचनाच्या चुकीतून जन्मला. त्याचे ‘सिलॅबाय’ करणे म्हणजे जो शब्द लॅटिनमध्ये धडपणे नव्हताच त्याला लॅटिन अनेकवचन देणे. ‘अजेंडा’ मुळात लॅटिन अनेकवचन, इंग्रजीत ते एकवचन झाले, आणि आपण त्याचे पुन्हा ‘अजेंडे’ केले. ‘डेटा’ची वाटही तीच: लॅटिनमध्ये अनेक, आणि आपल्या मोबाइलमध्ये ‘डेटा संपला’.

काही शब्दांनी उलट प्रवास केला. वाटाण्यासाठी इंग्रजीत ‘पीझ’ असा शब्द होता, तो एकवचनीच. शेवटचा ध्वनी अनेकवचनाचा समजून लोकांनी तो छाटला आणि ‘पी’ हे नवे एकवचन निघाले. ‘चेरी’चेही तसेच झाले. आपल्या ‘छीट’चे मात्र दुसरेच घडले. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातून हे छापील सुती कापड इंग्लंडात गेले, तिथे त्याचे ‘चिंट’ आणि अनेकवचन ‘चिंट्स’ झाले, आणि ते अनेकवचनच एकवचन ठरून आज गाद्या-पडद्यांच्या दुकानांत नांदते. ‘पायजमा’ आपल्याकडे एकच असतो. इंग्रजांनी त्याला दोन पाय पाहून ट्राउझर्सच्या रांगेत बसवले आणि अनेकवचनी केले.

एक आणि अनेक यांची सीमा प्रत्येक भाषा स्वतः आखते. कात्री आणि चष्मा आपल्याला एकेक दिसतात, इंग्रजांना जोडीने. केस आपण मोजतो, ते मोजत नाहीत. म्हणून आपल्याकडचा विद्यार्थी ‘माय हेअर्स’ लिहून गुण गमावतो. पोहे आपल्याला अनेक, त्यांना भात एक. आणि कधी दोन्ही भाषा अचानक एकत्र येतात. ‘स्मॉलपॉक्स’मधला ‘पॉक्स’ हे ‘पॉक’ म्हणजे फोड या शब्दाचे अनेकवचन. फक्त त्याचा ‘स’ एक्स या अक्षरात लपला आहे. आपणही ‘देवी आली’ म्हणत नसू, ‘देवी आल्या’ म्हणत असू. अंगावरचे फोड दोघांनीही मोजले होते.

परक्या भाषेचे व्याकरण परक्याने लिहावे का, असा संकोच कोणाला वाटत असेल तर त्याने दोन गोष्टी आठवाव्यात. ऐतिहासिक तत्त्वांवर लिहिलेले इंग्रजीचे सात खंडांचे मोठे व्याकरण १९०९ ते १९४९ या काळात आले, ते ऑटो येस्पर्सन या डेन्मार्कच्या माणसाचे. आणि मराठीचा जो कोश आपण आजही उघडतो, तो १८३१ साली प्रथम आलेला, मोल्सवर्थ या इंग्रजाचा. घरच्या माणसाला जे सवयीने दिसेनासे होते, ते पाहुण्याला दिसते.

म्हणून पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी वाचकाने एक काम करावे. कागदावर वीस मराठी शब्द लिहावेत, सगळे स्त्रीलिंगी आणि शेवटी दीर्घ स्वर नसलेले: भिंत, चिंच, वीट, वाट, रात्र, माळ, जीभ, सून, नणंद, बहीण, म्हैस, गोष्ट, वेळ, आणि पुढे सुचतील ते. समोर अनेकवचने लिहावीत. ती लिहायला एक मिनिटही लागणार नाही. मग ‘आ’ कोणाला लागतो आणि ‘ई’ कोणाला, याचा नियम शोधावा. त्याला संध्याकाळ जाईल, आणि कदाचित नियम पुरता सापडणारही नाही. तो कागद पुस्तकात खूण म्हणून ठेवावा आणि इंग्रजीचे पहिले प्रकरण वाचायला घ्यावे.